चेहरा दाखवावा तर जीव जातो, झाकावा तर पुरावा

२०१७ च्या एप्रिलमध्ये रशियातल्या 'नोवाया गझेता' या वृत्तपत्राने एक बातमी छापली. रशियातल्याच चेचन्या या प्रदेशात समलैंगिक असल्याच्या संशयावरून पुरुषांना उचलून नेलं जातंय, कोंडून छळलं जातंय, काही जणांचा जीवही गेलाय. चेचन्याच्या प्रमुखाच्या प्रवक्त्याने यावर जे उत्तर दिलं त्याचा आशय असा होता: जी माणसं आमच्याकडे अस्तित्वातच नाहीत, त्यांना अटक कशी होईल?

या उत्तरातच सगळी गोम आहे. सरकार म्हणतं, अशी माणसं नाहीतच. ती आहेत हे दाखवायचं तर कुणीतरी कॅमेऱ्यासमोर बसायला हवं, बोलायला हवं, त्याचा चेहरा दिसायला हवा. पण चेहरा दिसला की पोलीस दारात, आणि पोलिसांच्याही आधी कदाचित सख्खा भाऊ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गेल्या काही वर्षांत दडपशाहीत जगणाऱ्या क्वीअर माणसांवरचे माहितीपट मोठ्या महोत्सवांत, ऑस्करच्या यादीत आणि घरातल्या टीव्हीवरही पोचलेत. बघणारा मात्र पहिल्या दहा मिनिटांतच बुचकळ्यात पडतो. या माणसाचा चेहरा कडेने असा विरघळल्यासारखा का दिसतोय? हा तर सगळा चित्रांचा सिनेमा आहे, मग माहितीपट कसला? नाव खोटं, चेहरा खोटा, राहण्याचं ठिकाण सांगायचं नाही, मग खरं काय उरलं? प्रश्न रास्त आहेत, आणि उत्तरंही तितकी अवघड नाहीत.

## आधी शब्दांची सोय लावू

'क्वीअर' हा एका शब्दात अनेकांना सामावून घेणारा शब्द आहे. समलैंगिक स्त्री-पुरुष, उभयलैंगिक, पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही ते), सगळे त्यात आले. 'एलजीबीटी' ही याच गटांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं. इंग्रजीत ही एके काळी शिवी होती. ज्यांना ती खावी लागायची त्यांनीच ती उचलून आपलं नाव म्हणून लावली.

'आउट करणं' म्हणजे एखाद्याची ही ओळख त्याच्या मर्जीविरुद्ध चारचौघांत उघडी पाडणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

राहिली दडपशाही. आपल्या डोळ्यांसमोर लगेच लाठी आणि तुरुंग येतो. तो आहेच. जगातल्या साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. पण कायदा ही फक्त बाहेरची भिंत. आत घरमालक असतो, कचेरीतला साहेब असतो, लग्नासाठी मागे लागलेली मावशी असते. शिवाय कायदा नेहमी 'असण्या'वर बंदी घालतोच असं नाही. कधी तो फक्त 'बोलण्या'वर घालतो.

रशियाचंच बघा. तिथे पुरुषांमधले समलिंगी संबंध १९९३ मध्ये गुन्ह्यांच्या यादीतून काढले गेले. मग २०१३ मध्ये कायदा आला की अल्पवयीन मुलांपुढे अशा संबंधांचा 'प्रचार' करायचा नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो सगळ्या वयांना लागू झाला. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. या नावाची कुठली नोंदलेली संस्थाच नाही. संस्था नाही म्हणजे सभासदांची यादीही नाही, आणि यादी नाही म्हणजे सभासद कोण हे पकडणाऱ्याने ठरवायचं.

२०१३ च्या कायद्यानंतर तिथल्या किशोरवयीन मुलांवर 'चिल्ड्रन ४०४' हा माहितीपट झाला. हे ४०४ म्हणजे इंटरनेटवर पान सापडलं नाही की जो आकडा झळकतो तो. कायद्याने तुमच्याविषयी चांगलं बोलायलाच बंदी केली की तुम्ही त्या न सापडणाऱ्या पानासारखे होता. त्यात बहुतेक मुलांचे चेहरे दिसत नाहीत, आवाज तेवढे येतात. ठळकपणे चेहरा दाखवणारा मुलगा आहे तो देश सोडून कॅनडाला निघालेला. ज्याची गाडी सुटणार असते तोच मोकळं बोलू शकतो.

## ओळख कशाने पटते?

आपल्याला वाटतं, चेहरा झाकला की झालं. तसं नसतं. चेहरा लागतो तो अनोळखी माणसाला. आपल्या माणसाला त्याची गरजच पडत नाही. पाठमोरा चालणारा मुलगा आई शंभरात ओळखते. खोकण्यावरून, बोलताना शब्द गिळण्याच्या लकबीवरून, शर्टाच्या बाह्या दुमडण्याच्या पद्धतीवरून ओळखते.

आणि अशा सिनेमातल्या माणसाला सगळ्यात जास्त भीती बहुतेक वेळा घरच्यांचीच असते. सरकारला कागद लागतो, खबरी लागतो. चुलत्याला एक क्षण पुरतो.

म्हणून असा माहितीपट संकलनाच्या टेबलावर आला की एकेक चौकट तपासावी लागते. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, फरशीची नक्षी, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी, बोटातली अंगठी, मनगटावरचा जुना व्रण, मध्येच वाजलेली फोनची धून, बोलीतला एखादा खास त्या भागातला शब्द. यातलं काहीही ठिकाण सांगून जातं. एरवी दिग्दर्शक याच गोष्टींसाठी जीव टाकतो, कारण माणूस जिवंत वाटतो तो अशाच बारकाव्यांमुळे. इथे त्याच बारकाव्यांवर कात्री चालवायची आणि तरीही माणूस जिवंत ठेवायचा. माझ्या मते या प्रकारच्या सिनेमाची खरी कारागिरी इथेच आहे, आणि समीक्षणांत तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

## जुन्या युक्त्यांचं काय बिघडलं?

चेहरा धूसर करणं, चौकडी टाकणं, मागून प्रकाश टाकून नुसती काळी आकृती दाखवणं, आवाज जाड करणं. बातम्यांत हे आपण वर्षानुवर्षं बघतोय. अडचण हीच आहे, की ते बातम्यांत बघतोय. काळी आकृती आणि घोगरा आवाज आपण कुणाशी जोडतो? गुन्हेगाराशी, खंडणीखोराशी, माफीच्या साक्षीदाराशी. मार खाल्लेला माणूस आपली कहाणी सांगत असतो आणि पडद्यावर मात्र तो आरोपीसारखा दिसतो.

२००१ मध्ये कैरोत एका तरंगत्या क्लबवर धाड पडली आणि ५२ जणांवर खटला चालला. न्यायालयात आणलेल्या या माणसांनी तोंडावर पांढरी फडकी बांधली होती, कारण बाहेर छायाचित्रकारांची रांग होती. ते फोटो आजही अंगावर येतात. पण त्यातल्या एकाही माणसाविषयी आपल्याला काही समजत नाही. दिसतो तो फक्त पांढरा कपडा.

दुसरी अडचण साधी आहे. आपण माणसाचं ऐकतो ते त्याच्याकडे बघून. ओठ थरथरला, नजर खाली गेली, मध्येच कसनुसं हसू आलं. धूसर चेहऱ्यात हे सगळं पुसलं जातं. पत्रातल्या नेमक्या ओळींवर शाई सांडावी तसं. मजकूर कळतो, पण लिहिणाऱ्याचा हात कळत नाही.

## उसना चेहरा

चेचन्यातल्या या छळावर डेव्हिड फ्रान्स यांनी केलेला 'वेल्कम टू चेचन्या' २०२० मध्ये आला. जीव वाचवून पळणारी माणसं आणि त्यांना लपवून देशाबाहेर काढणारे कार्यकर्ते, यांच्यासोबत कॅमेरा फिरतो. वीसहून अधिक माणसांची ओळख लपवायची होती, आणि भाव मात्र दिसायला हवे होते.

मार्ग निघाला तो असा. न्यूयॉर्कमध्ये काही स्वयंसेवकांनी, त्यात बरेच स्वतः क्वीअर कार्यकर्ते, आपले चेहरे देऊ केले. अनेक कोनांतून, वेगवेगळ्या प्रकाशात त्यांचं चित्रण झालं. मग संगणकाच्या मदतीने तो चेहरा पळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बसवला गेला. भुवया उंचावतो, डोळे मिटतो, रडतो तो मूळ माणूस. दिसते ती कातडी दुसऱ्याची.

डबिंग आठवा. तिथे ओठ एकाचे असतात आणि आवाज दुसऱ्याचा. इथे भाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा.

कडेने जो किंचित विरघळल्यासारखा भाग दिसतो ती चूक नाही. जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्या माणसांचे चेहरे बदललेले आहेत, हे सिनेमा सुरुवातीलाच लिहून सांगतो. ती धूसर कड म्हणजे त्याच सूचनेची सतत राहणारी आठवण. या कामाची दखल अशी घेतली गेली, की दृश्य परिणामांच्या ऑस्करसाठी काढलेल्या संक्षिप्त यादीत पहिल्यांदाच एक माहितीपट आला. एरवी त्या यादीत अंतराळयानं आणि राक्षस असतात.

## पण हा तर डीपफेक झाला!

तंत्राचं घराणं एकच, हे कबूल करायला हवं. डीपफेक म्हणजे संगणकाने एखाद्याचा चेहरा भलत्याच व्हिडिओवर इतका बेमालूम चिकटवणं, की त्याने न केलेलं कृत्य त्याच्या माथी बसावं. फरक तीन ठिकाणी आहे. चेहरा देणाऱ्याने तो स्वतःहून दिलाय, ज्याच्यावर बसवला त्याने होकार दिलाय, आणि बघणाऱ्याला आधीच सांगितलंय. सुरी तीच, पण एकाच्या हातात ती शस्त्रक्रियेसाठी आहे.

तरीही मला इथे थोडी धास्ती वाटते. तंत्र स्वस्त झालं की उद्या कुणीही म्हणेल, आम्हीही साक्षीदाराला जपण्यासाठीच चेहरा बदलला. तेव्हा नुसतं बघून काही ठरणार नाही. मागे कोण उभं आहे ते विचारावं लागेल.

## मग खरं कशावरून मानायचं?

साध्या मुलाखतीत आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो, आणि खरं सांगायचं तर ती आळशी सवय आहे. चेहरा दिसणारा माणूसही खोटं बोलू शकतो. चेहरा गेला की भरवसा दुसरीकडे शोधावा लागतो: दिग्दर्शकाने माणसाची ओळख स्वतः पडताळली का, त्याची हकीकत इतरांच्या हकीकतीशी जुळते का, कागदपत्रं आहेत का, पत्रकार आणि मानवाधिकार संघटना वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचल्या का. न्यायालयातही साक्षीदाराचं नाव गुप्त ठेवता येतं. म्हणून साक्ष बाद होत नाही, तपासणी तेवढी कडक होते.

'वेल्कम टू चेचन्या'त हे प्रत्यक्ष घडताना दिसतं. एक तरुण बराच वेळ 'ग्रीशा' या नावाने, उसन्या चेहऱ्याने आपल्यासमोर असतो. मग तो ठरवतो की तक्रार करायची, उघडपणे. पत्रकार परिषदेत तो बोलायला बसतो, आणि आपण बघत असतानाच तो उसना चेहरा विरघळत जातो आणि खालून खरा वर येतो. मॅक्सिम लापुनोव. तासभर आपण ज्याला ओळखतोय असं वाटत होतं, त्याला पहिल्यांदा बघतो.

लापुनोवची तक्रार रशियात पुढे सरकलीच नाही. पण १२ सप्टेंबर २०२३ ला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला, की त्याला बेकायदा कोंडलं गेलं, त्याचा छळ झाला आणि तो त्याच्या लैंगिक कलामुळेच झाला. उसन्या चेहऱ्याने सांगितलेली गोष्ट अशी खऱ्या नावाने न्यायालयात टिकली.

## जीव धोक्यात घालून हे करायचंच कशाला?

या आक्षेपाला युगांडाचं उत्तर आहे. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका छोट्या साप्ताहिकाने समलैंगिक म्हणून लोकांचे फोटो आणि नावं छापली आणि त्यांना फासावर चढवा असं पहिल्या पानावर लिहिलं. त्यात डेव्हिड काटो हा समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणारा कार्यकर्ताही होता. तो आणि त्याचे सहकारी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि जानेवारी २०११ च्या सुरुवातीला जिंकलेही. २६ जानेवारीला काटोची त्याच्या घरी हत्या झाली.

त्या काळात दोन दिग्दर्शिका त्याच्यासोबत चित्रीकरण करत होत्या. त्यातून 'कॉल मी कुचू' झाला. त्यात काटोची अंत्ययात्रा आहे. शवपेटी समोर असताना धर्मगुरू समलैंगिकांनाच बोल लावायला लागतो आणि मित्रमैत्रिणी ध्वनिक्षेपक त्याच्या हातातून काढून घेतात. शोक करायचा हक्कही झटापट करून मिळवावा लागतो, हे तिथे काही न सांगता समजतं.

फोटो साप्ताहिकानेही छापला आणि माहितीपटानेही दाखवला. चेहरा तोच. साप्ताहिकाने त्याला आउट केलं होतं. कॅमेऱ्यासमोर तो स्वतः बसला होता, काय सांगायचं ते ठरवून. झाकणं आणि दाखवणं यांपैकी बरोबर काय, असा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. निर्णय कुणाचा होता, एवढंच विचारायचं.

आणि न केल्याची किंमतही असते. नाझी काळात जर्मनीत समलैंगिक असल्याच्या आरोपाखाली सुमारे १ लाख पुरुषांना अटक झाली, १० ते १५ हजार छळछावण्यांत गेले. युद्ध संपलं तरी कायद्याचं ते कलम राहिलंच, पूर्णपणे गेलं ते १९९४ मध्ये. त्यातली बरीच वर्षं बोलायचं म्हणजे स्वतःवरचा गुन्हा कबूल करायचा. त्या कलमाच्याच नावाचा 'पॅरेग्राफ १७५' हा माहितीपट २००० मध्ये आला, तेव्हा छावण्यांतून वाचल्याचं माहीत असलेल्या या पुरुषांपैकी दहासुद्धा जिवंत नव्हते.

## कॅमेऱ्याला आत येऊ दिलं, म्हणजे सगळं ठीक आहे?

इराणवरचा 'बी लाइक अदर्स' (२००८) बघताना बहुतेकांची गफलत होते. तेहरानचा दवाखाना, लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी आलेली तरुण मुलं, त्यांचे आईवडील, डॉक्टर. सगळे चेहरे उघडे. वाटतं, अरे, इथे तर बरंच मोकळं आहे!

१९८० च्या दशकात अयातुल्ला खोमेनी यांनी लिंगबदलाला धार्मिक मान्यता दिली. शस्त्रक्रियेला परवानगी आहे, कागदपत्रं बदलून मिळतात. समलिंगी संबंधांना मात्र मृत्युदंडापर्यंत शिक्षा. आता एखाद्या तरुणाचं दुसऱ्या तरुणावर प्रेम असेल आणि स्त्री होण्याची त्याची इच्छा नसेल, तर त्याच्यापुढे काय वाट आहे? सिनेमा ते ओरडून सांगत नाही. एकामागून एक मुलं येतात, 'दुसरा मार्ग नाही' असं वेगवेगळ्या शब्दांत बोलतात, आणि आपल्याला हळूहळू उमजतं की यातल्या काहींसाठी शस्त्रक्रिया हीच कायद्यात बसण्याची किंमत आहे. (ज्यांना ती खरोखरच हवी असते अशी पारलिंगी माणसंही असतात. त्यांना यात गोवू नये.)

म्हणून अशा सिनेमात चेहरे उघडे दिसले की मी आधी विचारतो, हे दाखवायला परवानगी का मिळाली असेल?

## 'हे सगळं बाहेरच्यांचं खूळ'

हा आरोप प्रत्येक देशात ऐकू येतो आणि त्यात थोडं तथ्यही आहे. बाहेरून येणारा दिग्दर्शक चार महिन्यांनी विमानात बसतो, त्याच्या सिनेमातली माणसं तिथेच राहतात. पण केनियाचे पीटर मुरिमी तिथलेच. 'आय ॲम सॅम्युअल' त्यांनी जवळपास पाच वर्षं चित्रित केला: शहरात जोडीदारासोबत राहणारा तरुण, आणि गावाकडे शेती करणारे, धर्मोपदेशक असलेले त्याचे वडील. केनियात समलिंगी संबंधांना १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही त्या दोघांनी चेहरे दाखवले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या चित्रपट मंडळाने बंदी घातली. धर्माचा अवमान आणि समलिंगी विवाहाचा पुरस्कार होतो, हे कारण. दिग्दर्शक घरचा असून काही वाचलं नाही.

## बंदीचा कागद कुठाय?

निदान केनियात कागद तरी निघाला. चीनमध्ये समलैंगिकता १९९७ पासून गुन्हा नाही, २००१ मध्ये मानसिक आजारांच्या यादीतूनही ती वगळली गेली. तिथे फान पोपो या दिग्दर्शकाने समलैंगिक मुलांच्या आयांवर 'मामा रेनबो' केला. आया मुलांविषयी प्रेमाने बोलतात, इतकंच. २०१४ मध्ये तो तिथल्या मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवरून नाहीसा झाला. संकेतस्थळांनी बोट वर दाखवलं. फान पोपोने सरकारी खात्याकडे आदेशाची प्रत मागितली. खातं म्हणालं, आम्ही असा आदेश काढलेलाच नाही. तो न्यायालयात गेला आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयानेही म्हटलं, खात्याने आदेश दिल्याचा पुरावा नाही. मग सिनेमा काढला कुणी? कुणीच नाही! चेचन्यात माणसं अस्तित्वात नव्हती, इथे बंदी अस्तित्वात नव्हती.

बीजिंगचा क्वीअर चित्रपट महोत्सव तर अनेकदा ऐनवेळी बंद पाडला गेला. २०१४ मध्ये आयोजकांनी उद्घाटनाचा खेळ चक्क धावत्या आगगाडीत केला. प्रेक्षकांनी आपापला लॅपटॉप घेऊन डब्यात बसायचं आणि एकाच वेळी सिनेमा सुरू करायचा. सभागृह बंद करता येतं. लॅपटॉप बघणाऱ्या प्रवाशांनी भरलेला डबा बंद कसा करणार?

## एकदा सही केली की संपलं?

मला सगळ्यात अवघड वाटतो तो हा भाग. माहितीपटात माणसाकडून लेखी संमती घेतात. पण संमती दिली जाते आजचा कायदा बघून, आणि सिनेमा राहतो पुढची पन्नास वर्षं. रशियात २०१४ मध्ये दिलेला होकार २०२३ च्या निकालानंतर किती जड झाला असेल! तेव्हा फार तर दंडाची भीती होती, आता थेट अतिरेक्यांच्या यादीची आहे. युगांडात २०२३ मध्ये नवा कायदा आला, काही प्रकारांत मृत्युदंडापर्यंत जाणारा. म्हणून जाणते दिग्दर्शक संमती एकदा नाही, अनेकदा घेतात: चित्रीकरणाआधी, संकलन दाखवून, प्रत्येक नव्या देशात प्रदर्शनाआधी. नको म्हटलं तर तो भाग काढायचा. चार वर्षांची मेहनत वाया गेली तरी.

## आणि तो चित्रांचा सिनेमा?

राहिला 'फ्ली'. अफगाणिस्तानातून लहानपणी पळालेला एक समलैंगिक माणूस, आता डेन्मार्कमध्ये स्थिरावलेला, आपल्या शाळासोबत्याला पहिल्यांदाच सगळं सांगतो. तो सोबती म्हणजे दिग्दर्शक योनास पोहेर रासमुसेन. माणूस आडवा होतो, डोळे मिटतो आणि आठवत जातो. आपल्यासमोर येतात रेखाटलेली दृश्यं. जिथे आठवण दुखरी किंवा अर्धवट आहे तिथे रेषाही कोळशाने ओढल्यासारख्या पुसट होतात. कॅमेरा जिथे नव्हताच, त्या काळाचं चित्रण आणणार कुठून?

मूळ डॅनिश आवृत्तीत ऐकू येतो तो त्याचा स्वतःचा आवाज. इतर सिनेमांत आवाज बदलतात. इथे तो अस्सल ठेवलाय, आणि बाकी बहुतेक सगळं रेखाटलंय. माहितीपट, ॲनिमेशनपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तिन्ही ऑस्कर विभागांत एकाच वेळी नामांकन मिळालेला हा पहिला सिनेमा.

लेखक म्हणून श्रेयनामावलीत दोन नावं येतात. एक रासमुसेन यांचं. दुसरं अमीन नवाबी, म्हणजे ज्याची गोष्ट आहे त्याचं, आणि ते खरं नाही.